सेलूत आपटलेला डॅनिश सिनेमा

सेलू स्टेशनावर वडिलांनी, अण्णांनी, माझी ट्रंक डब्यात चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "मनमाडला गाडी बदलायची विसरू नको. अन् तिकडं कायबी शिक, पण माणसात राह्य." अण्णा शाळेत मराठी शिकवायचे, पण माझ्याशी बोलताना सेलूचंच बोलायचे. डब्यातल्या लोकांपुढे मला त्याची लाज वाटली. गाडी हलली तेव्हा डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. कापसाच्या जिनिंगची धूळ मागं सुटली, याचाच आनंद होता.

पुण्यात वर्षभरात मी भलताच शहाणा झालो. कॉलेज नावाला, बाकी फिल्म सोसायटी आणि कँटीनमधले वाद. तिथं एक डॅनिश सिनेमा आला. तीन गुंड, पळापळी, गोळीबार आणि त्या सगळ्यावर काळाकुट्ट विनोद. पेपरवाल्यांनी त्याला झोडपून काढलं. क्रूर, पोरकट, कशाचीच चाड नसलेला, असं बरंच काही. मी एका साप्ताहिकात त्याची बाजू घेऊन भांडलो आणि मग डोक्यात किडा वळवळला, की हा सिनेमा सेलूला दाखवायचा.

अण्णांनी शाळेचं मैदान मिळवलं. आमच्या पोरानं परदेशातला सिनेमा आणलाय, म्हणत घरोघर फिरले. सेलूकरांनो, त्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्या शब्दाखातर आलात, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी प्रोजेक्टरशेजारी माइक घेऊन गोष्ट मराठीत सांगत होतो. गोळीबाराला तुम्ही शिट्ट्याही मारल्या. मग ती शवपेटी आली. गुंडांनी तिच्यात मढ्याशेजारी बंदुका लपवलेल्या. चार खांदेकरी पेटी घेऊन निघाले आणि पहिल्या रांगेत अण्णा उठले. पायातल्या चपला काढून त्यांनी हात जोडले. आपल्याकडे रस्त्यानं मयत चालली की दुकानदारही गादीवरून उठतो, तसे. त्यांच्यामागं सगळं मैदान उभं राहिलं, बायकांची बाजूसुद्धा. पडदा दिसेना.

मी माइकवरून म्हणालो, "अण्णा, खाली बसा. विनोद आहे तो."

तेवढ्यात पडद्यावर पेटी आपटली, मढं बाहेर आलं आणि गुंड त्याच्या आडून गोळ्या झाडायला लागले. पुण्यात इथं हशा पिकला होता. जिनिंगमधले किसनआप्पा माझ्यापाशी आले. "मयतीची टिंगल करायलास व्हय रे? बंद कर ते." मी बंद केलं नाही. एक ढेकूळ पडद्यावर बसलं, मग शिव्या सुरू झाल्या आणि मैदान रिकामं झालं. अण्णा शेवटपर्यंत उभेच होते.

पुण्याला येऊन मी सूड उगवला. पडद्यावरच्या पेटीला हात जोडणाऱ्या अडाणी गावावर झणझणीत लेख लिहिला. लोक पोट धरून हसले. साप्ताहिक सेलूच्या वाचनालयात येतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं. आठवड्याभरानं अण्णांचं कार्ड आलं. 'लेख वाचला. भाषा चांगली आहे.' बाकी कार्ड कोरं. त्यानंतर तीन वर्षं मी घरी फिरकलो नाही.

गेलो तो त्यांच्याच मयतीला. मी मडकं धरून पुढं, मागं खांदा द्यायला किसनआप्पा. वाटलं होतं, माझ्या बापासाठी आता कोण उठणार? मोंढ्याच्या बाजारातून निघालो तर एकेक माणूस गादी सोडून खाली उतरलेला, अनवाणी, हात जोडून. त्यापेक्षा मला चार शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

परवा तो सिनेमा पुण्यात पुन्हा लागला. तेव्हा झोडपणारेच आता त्याला थोर म्हणतात. पेटी आली, थिएटर हसायला लागलं आणि मी उभा राहिलो. चपला कधी काढल्या, कळलं नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ, खाली बसा. विनोद आहे तो."

पेटी जाईपर्यंत मी बसलो नाही. सेलूकरांनो, तुम्हाला एवढंच कळवायचं होतं.