चांगला जॉइंट कापायचा नाही

सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका तीन खोल्यांच्या घरात संध्या तायडे बैठकीतल्या खुर्चीवर उभी होती आणि इंटरनेटच्या डबीत शिरणारी काचेची बारीक तार काढून मीटरला लावत होती. मीटरवर आकडा आला, उणे एकोणीस. तिने तारेचं टोक पुसून पुन्हा लावलं. पुन्हा उणे एकोणीस. चौकातल्या पेटीपासून या भिंतीपर्यंत प्रकाश हवा तेवढा येत होता. लाइन ठणठणीत होती.

तरी या घरातून महिन्याभरात आलेली ही तिसरी तक्रार होती. पहिल्या वेळी संध्याने तारेचं टोक बदललं. दुसऱ्या वेळी ती सुट्टीवर होती, म्हणून ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाने येऊन चौकातल्या पेटीतला जॉइंट नव्याने मारला. दोन्ही तक्रारी ‘लाइन दोष’ असं लिहून बंद झाल्या. कंपनी स्थानिक आणि लहान असली तरी तिचा एक नियम कडक आहे. एकाच घराच्या नावावर महिन्यात तीन लाइन दोष लागले, की ती लाइन सांभाळणाऱ्याकडून तो सगळा भाग काढून घेतात. जुनं शहर सहा वर्षांपासून संध्याकडे होतं. चारशे बारा घरं.

सव्वादहाला ऑफिसातून अनुपचा फोन आला. तक्रारींचं वाटप तोच करतो.

“काय झालं संध्याताई?”

“लाइन बरोबर हाय.”

“बरोबर हाय तं बाई रोज बोंबलते काहून? एक नवा जॉइंट मार अन् नीघ. अजून सहा घरं राह्यली.”

“चांगला जॉइंट मी कापत नसते.”

“मंग तिसरा लागला म्हनून समज. एरिया गेला तं तुले ऑफिसात बसवू. पंख्याखाली. आराम.”

“तू बस पंख्याखाली,” संध्या म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या पंख्याखालची खुर्ची तिच्या ओळखीची होती. संध्या मूळची नांदगाव खंडेश्वरची. वडील देवमन ग्रामपंचायतीत शिपाई होते. तिने अमरावतीला आयटीआय केलं, नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात मशीनचे बोर्ड तपासायचं काम दोन वर्षं केलं, आणि लग्न होऊन अकोल्याला आली. इथे कंपनीने तिला फोनवर बसवलं. लोकांनी शिव्या द्यायच्या आणि तिने ‘तक्रार नोंदवली आहे’ म्हणायचं, असं दोन वर्षं चाललं. एक दिवस लाइनमन भर उन्हात भांडून काम अर्धवट टाकून निघून गेला. काचेची तार जोडायचं मशीन पेटीसमोर तसंच उघडं पडलं होतं. दुसरा माणूस मिळेना, तेव्हा संध्या म्हणाली, मी पाहते. केसाएवढी तार सोलायची, कापायची, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरायची. तिचा पहिला जॉइंट सातव्या खेपेला जुळला. तोही अजून शाबूत आहे.

तेव्हापासून जुन्या शहरातला जवळजवळ प्रत्येक जॉइंट तिच्या हातचा. कोणती तार कोणाच्या गच्चीवरून जाते आणि कुठल्या खांबावर उंदीर चढतो, हे तिला पाठ आहे. दरवर्षी तेरा एप्रिलला मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या सगळ्या केबल ती स्वतः शिडीवर चढून दोन-दोन फूट वर बांधून घेते, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडीवरच्या कमानीत काही अडकू नये. आजवर अडकलेलं नाही. हे ती कोणालाही आवाज न चढवता सांगते, पण सांगते.

तक्रार करणारी वर्षाली मागच्या खोलीत दार लावून पाचवी-सहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, सोमवार ते शुक्रवार, दुपारी दोन ते पाच.

“लाल लाइट लागते ताई,” वर्षाली म्हणाली. “नेट गेलं की थोडा वेळ वाट पाहतो, मंग धावत येतो तं डबीवर लाल. दोन-तीन मिनिटानं आपोआप हिरवी. तोपर्यंत पोरं पळून जातात.”

“रोज?”

“कधी होते, कधी नाही. शनिवार-रविवारी कधीच नाही.”

लाल दिवा म्हणजे तारेतून प्रकाश येत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच दोन्ही वेळा दोष लाइनीवर गेला. पण डबीची वीज जाऊन ती पुन्हा सुरू होते, तेव्हाही मिनिटभर तोच दिवा लागतो. हे संध्याला ठाऊक होतं आणि तरीही पहिल्या वेळी तिने ते तपासलं नव्हतं. दिवा लाल म्हटल्यावर सरळ टोक बदलून निघून गेली होती. ती चूक तिची होती.

आता तिने मोबाइलवर डबीचं पान उघडलं. डबी सुरू होऊन किती वेळ झाला, ते तिथे दिसतं. एकोणीस तास चौपन्न मिनिटं. तिने मागे मोजलं. काल दुपारी दोन छत्तीस.

“काल अडीचच्या सुमारास वीज गेली होती?”

“नाही. माझा पंखा चालू होता.”

“मंग डबी कोनी बंद केली?”

वर्षालीने खाटेवर वर्तमानपत्र वाचणाऱ्या सासऱ्यांकडे पाहिलं. नत्थुजींनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं.

“मी त्या डबीले हातही लावत नाही,” ते म्हणाले. “मले त्याच्यातलं समजत नाही, म्हनून लावत नाही.”

ते खरं बोलत होते, हे संध्याला दिसत होतं. ती म्हणाली, “काकाजी, मी दोनला येतो. बसतो जराशी.”

“या ना. चहा घेऊ.”

मधल्या वेळात तिने चार तक्रारी उरकल्या. एका घरात राउटर पितळी डब्यांच्या मागे ठेवला होता. दुसऱ्या घरी पासवर्ड बदललेल्या मुलीने तो वडिलांना सांगितला नव्हता, कारण मागितल्यावरच सांगायचा असं तिने ठरवलं होतं. दोनला पाच कमी असताना संध्या परत नत्थुजींच्या बैठकीत येऊन बसली. बाहेर त्रेचाळीस अंश होते. मागच्या खोलीतून वर्षालीचा आवाज येत होता, “छेद समान करा आधी.” खिडकीतला पत्र्याचा कूलर घरघरत होता. चहा झाला. नत्थुजींनी जिनिंगच्या दोन गोष्टी सांगितल्या. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात ते बत्तीस वर्षं वायरमन होते.

दोन अठ्ठावीसला कूलरचा वारा गरम झाला. नत्थुजी उठले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, मोरीतला पाइप ओढत आणला, सोफ्यामागे वाकले आणि बटन दाबलं. कूलर थांबला. त्याच क्षणी भिंतीवरची डबी विझली.

टाकी भरेपर्यंत संध्याने वाट पाहिली. त्यांनी पाइप बाजूला ठेवला, हात पुसले, बटन चालू केलं. डबीवर लाल दिवा लागला आणि मागचं दार उघडलं.

“पहा ताई, गेलं,” वर्षाली म्हणाली. मग तिने पाइप पाहिला, सासऱ्यांचा ओला हात पाहिला. “मामाजी…”

“काय मामाजी? चालू कूलरात पानी टाकू काय? मरू काय मी?”

“पन त्याच बोर्डावर नेट हाय ना.”

“मले कोनी सांगतलं? तुह्या नवऱ्यानं तो बोर्ड टाकला, सोफ्याच्या मांगं. माह्यासाठी तो कूलरचा बोर्ड.”

गोष्ट एवढीच होती. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा कूलर उतरला, वर्षालीच्या नवऱ्याने एक एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि कूलरसोबत डबीचीही पिन त्यातच लावली. नत्थुजी पाणी टाकताना बोर्डाचं मुख्य बटन बंद करत. कधी बाराला, कधी अडीचला, टाकी रिकामी होईल तसं. बाराला भरलं की कोणाला कळत नसे. अडीचला भरलं की गणिताचा वर्ग तुटे.

“काकाजी बरोबर करतात,” संध्या वर्षालीला म्हणाली. “कूलरात पानी टाकतानी बटन बंदच करा लागते. ते सोडू नका. डबी हलवू.”

नत्थुजी खाटेवर जरा सरळ बसले. “सांग तिले,” ते म्हणाले.

“दुसरा प्लग कुठं हाय काकाजी? कूलरच्या लाइनीवरचा नको.”

नत्थुजींना घरातली वायर अन् वायर माहीत होती, ती त्यांनीच ओढलेली होती. मधल्या दाराच्या वरचा प्लग वेगळ्या फ्यूजवर आहे, असं ते म्हणाले, आणि टेस्टर घेऊन स्वतः दाखवूनही दिलं. उरलेली दोन घरं उरकून संध्या परत आली आणि पाचला वर्ग संपल्यावर तिने बैठकीतून मधल्या दारापर्यंत आठ मीटर नवी तार नेली. जुन्या जॉइंटला हात लावला नाही. डबी दाराच्या वर बसवल्यावर मीटर लावलं. उणे एकोणीस. मग तिने नत्थुजींना कूलरचं बटन बंद करायला सांगितलं. त्यांनी केलं. डबीवरचा दिवा हिरवाच राहिला. त्यांनी चालू केलं, पुन्हा बंद केलं.

“झालं मामाजी, आता राहू द्या,” वर्षाली म्हणाली.

“पाहू दे ना मले. माह्यावर आळ होता.”

संध्याने मोबाइलवर तक्रार बंद केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरातील वीजजोडणी. लाइन दोष नाही. खाली डबीच्या पानाचा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो जोडला. दहा मिनिटांनी अनुपचा फोन आला.

“कूलर? खरंच?”

“फोटो पाह्य.”

“पाह्यला.” तो म्हणाला, “पहिल्या खेपेचं टोक अन् दुसऱ्या खेपेचा जॉइंट मंग फालतूच बदलले म्हना.”

“टोक मी बदललं, ते फालतूच होतं. जॉइंट तुह्या मानसानं कापला, तो चांगला होता. दोन्ही तक्रारीचं कारन बदलून घे.”

“बदलतो.”

“अन् एरिया?”

“तुह्याकडंच हाय ना. कोन घेते तो? शिड्या चढून चढून मरते मानूस.”

संध्याने शिडी गाडीच्या बाजूला बांधली. उद्या बुधवार आहे. यादीत तिच्या नावावर जुन्या शहरातली पाच घरं आहेत, आणि पहिल्या घरी ती सव्वानऊला पोचायची आहे.