सुपाच्या काठावरचे तीन ठोके

मुलांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी फोनवर मला विचारलंत, की तिकडे एक जुनी अंतराळातली मालिका नव्याने सुरू झाली आहे, तर तिच्या सुरुवातीच्या संगीतावरून लोक एवढे का भांडताहेत. "आजी, एका ट्यूनसाठी कोणी रडतं का?" असं धाकटीने विचारलं. मी "रडतात" एवढंच म्हणाले, कारण तुमची जेवायची वेळ झाली होती. उरलेलं उत्तर आता लिहून पाठवते. त्यात माझी एक चूक आहे. फोनवर सांगायला लागले असते तर मी तिच्यावरून घाईघाईने पुढे गेले असते.

आम्ही तेव्हा किन्हवलीत राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि तुमचे आजोबा भातसानगरला धरणाच्या कार्यालयात होते. तुमचे बाबा शिकायला बाहेर होते, म्हणून घरात तिसरं माणूस म्हणजे वन्सं, आजोबांची थोरली बहीण. त्यांचं सासर मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याला. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि मग काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. कल्याणच्या डॉक्टरांनी फार उशीर झाला असं सांगितलं, तेव्हा आजोबा त्यांना तिथून परस्पर आपल्याकडेच घेऊन आले. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती.

आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संनी सूप मागितलं. "तांदूळ दे गो, निवडते," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, आता मला दोनदा निवडावे लागणार. पण त्यांच्या बोटांना जो खडा लागे तो माझ्या चष्म्याला दिसत नसे. त्यानंतर आमच्या घरात तांदूळ दुसऱ्या कुणी निवडला नाही.

त्याच वर्षी ती मालिका लागली. दर रविवारी सकाळी, हिंदीतून. सात माणसं आणि एक यंत्रमानव एका यानातून कुठल्याशा दूरच्या चंद्रावर निघाली आहेत आणि परतीची वाट हरवली आहे, अशी गोष्ट. चित्रं साधीच होती. यान पत्र्याच्या डब्यासारखं दिसे आणि चंद्रावरची वाळू आपल्या नदीतली वाटे. पण तिला एक निवेदक होता. खालच्या पट्टीतला सावकाश आवाज. कोण आलं, कुठे उभं राहिलं, कुणाचा चेहरा पडला, ते सगळं तो सांगायचा. आजोबांना त्याचा कंटाळा येई. "दिसतंय की आम्हाला," असं ते म्हणत. वन्संना मात्र त्या आवाजामुळे सगळं दिसत असे.

आणि ती धून. आधी तीन ठोके, हंड्यात पाण्याचे थेंब पडल्यासारखे, दोन जवळ आणि एक जरा लांब. मग त्यांच्यावरून एक सूर वर चढत जाई. ती वाजली की वन्सं हातातलं टाकून भिंतीला धरत टीव्हीपाशी येत.

रविवारी सकाळी गल्लीतल्या बायकांना टीव्हीसमोर बसायला कुठली फुरसत. कुणी शेतावर, कुणी लाकडांना, कुणी माहेरी. त्यांचा भाग चुकायचा. मग सोमवारी दुपारी त्या आमच्या ओटीवर येत आणि म्हणत, "आत्या, काय झाला गो काल? पत्र्याचा जित्ता हाय ना?" पत्र्याचा म्हणजे तो यंत्रमानव. वन्सं सूप मांडीवर घेत, त्याच्या काठावर बोटाने ते तीन ठोके वाजवत, नाकातल्या नाकात सूर लावत, आणि सुरुवात करत. निवेदकाचा शब्द न् शब्द त्यांना पाठ असे. जिथे वीज गेलेली असे तिथला भाग त्या स्वतःच्या पदरचा घालत, आणि तो बऱ्याचदा मूळ गोष्टीपेक्षा चांगला असे. डोळे गेलेली, भावाच्या घरी राहिलेली बाई सोमवारी दुपारी त्या ओटीवर मालकीण असे. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

दीड वर्षाने मालिका संपली. सोमवारच्या दुपारी मात्र चालू राहिल्या. वन्सं तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत, आणि बायका ती ऐकत.

दहाएक वर्षं गेली. गावात केबल आली, थोड्या घरांत. एक दिवस शेजारची धाकटी सून अंगणातूनच सांगत आली, "आत्या, तुमची सिरियल परत येते. जाहिरात बघितली मी. पत्र्याचा बी हाय."

वन्संनी त्या आठवड्यात दोनदा मला विचारलं, की वार नक्की कोणता. रविवारच होता, पण संध्याकाळी सात. त्या दिवशी त्यांनी धुतलेलं पातळ नेसलं आणि पावणेसातलाच येऊन बसल्या.

सात वाजले. ढोल वाजले, गिटार वाजली, कुणीतरी इंग्रजीत ओरडून गायला लागलं. मग काही माणसं धापा टाकत पळाली, दार आपटलं, बराच वेळ नुसतं यंत्रांचं घुमणं ऐकू आलं. वन्सं हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ही जाहिरात संपली की सांग गो."

मी आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ताई, सुरू झालंय ते."

"कधी?"

"मघाशीच."

"मग धून वाजली नाही ती?"

"वाजली. नवीन आहे."

त्या भाग संपेपर्यंत बसून राहिल्या. नव्या मालिकेत निवेदक नव्हता. माणसं थोडं बोलत आणि पुष्कळ वेळ एकमेकांकडे पाहत. ते पाहणं कानाला कसं कळणार? मी मध्येमध्ये सांगायचा प्रयत्न केला, पण मी "कप्तान खिडकीपाशी गेला" म्हणेपर्यंत कप्तान खिडकीतून बाहेर गेलेला असे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ओटीवर वाद चालला होता. धाकटी सून नवीच्या बाजूची. भाकऱ्या थापता थापता चुलीसमोरून तिरकं पाहूनही तिला सगळं कळलं होतं. "पहिलीत सगळा सांगूनच टाकायचा," ती म्हणाली. "हीच्यात आपल्याला डोका लावायला लागतो. मजा येते."

तिची सासू त्या वेळी गोठ्यात दूध काढत असे, त्यामुळे तिने काहीच पाहिलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "गाणा मी गोठ्यातून ऐकला. लग्नात बेंजो वाजवतात तसा हाय. ही कसली अंतराळातली?"

"तुमाला अंतराळातला कसा वाजतो ते ठावं हाय काय?"

"आत्या वाजवते तसा," सासू म्हणाली. सगळ्या हसल्या. मग ती वन्संकडे वळली. "सांग ना गो आत्या. काय झाला काल?"

वन्संनी सुपाच्या काठावर तीन ठोके दिले आणि थांबल्या. "आज घसा बसलाय," म्हणाल्या. त्यांचा घसा बसलेला नव्हता.

मी शिस्तीची बाई आहे. तुमच्या बाबांना विचारा. मला वाटलं, यावर उपाय सोपा आहे. मी एक शंभर पानी वही आणली आणि पुढच्या रविवारपासून टीव्हीसमोर बसून भाग लिहून काढायला लागले. सोमवारी शाळेत जाण्याआधी मी तो वन्संना वाचून दाखवी. त्या डोळे मिटून ऐकत, एखादी गोष्ट दोनदा विचारत, आणि दुपारी ओटीवर स्वतःच्या ढंगात सांगत. मी शाळेतून येई तेव्हा बायका अजून बसलेल्या असत. दोन सोमवार सगळं छान झालं. आजोबा म्हणाले, "आता पत्र्याच्याला मार्कही दे." मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

आमच्या टीव्हीची गंमत तुम्हाला सांगायला हवी. तो रंगीत होता, पण त्याचे रंग बिघडले होते. माणसं, भिंती, आकाश, बातम्या देणारी बाई, सगळंच निळसर दिसे. दुरुस्तीवाला शहापूरहून येतो येतो म्हणत होता. आम्हाला त्या निळ्याची इतकी सवय झाली होती की त्याचं काही वाटत नसे.

मी लिहिलेल्या तिसऱ्या भागात प्रसंग वरखाली होते. आत्ता हा कप्तान म्हातारा, मग तरुण, मग पुन्हा म्हातारा. मध्येच त्या यंत्रमानवाचे हातपाय सोडवून कप्तान त्याला खोक्यात भरतो, असंही दाखवलं. मला ती मांडणी गबाळी वाटली. मुलांचे निबंध मी जसे नीट लावून देत असे, तसे ते प्रसंग मी क्रमाने लावले. तरुणपण आधी, म्हातारपण नंतर, आणि खोकं शेवटी. वहीत ते फार व्यवस्थित दिसत होतं.

त्या सोमवारी शाळेला अर्धी सुट्टी होती, म्हणून मी ओटीवर होते. वन्संनी पत्र्याच्याचं मरण असं सांगितलं की शेजारच्या सासूने पदर डोळ्यांना लावला. खोक्याला खिळे मारतानाचे ठोके त्यांनी सुपावर वाजवले, तेच तीन, पण सावकाश.

मग धाकटी सून हळूच म्हणाली, "आत्या, पण तो मेला नाय. ते सपान व्हता कप्तानाचा."

"सपान?"

"निळा व्हता ना ते. निळा झाला की सपान, नायतर जुना काहीतरी. बाकीचा रंगीत. शेवटी चहा करून आनतो की तो पत्र्याचा."

चहाचं मी वहीत लिहिलं होतं. पण तरुण कप्तानाच्या खाली, म्हणजे खोक्याच्या बरंच आधी.

सासूने डोळ्यांवरचा पदर काढला. "मंग मी कुनासाठी रडले गो?" ती म्हणाली, आणि सगळ्या खदखदून हसल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वन्संही हसल्या. मग माझ्या दिशेला तोंड करून त्यांनी विचारलं, "निळं होतं?"

"आपल्याकडे सगळंच निळं असतं, वन्सं," मी म्हणाले. बायका आणखीच हसल्या.

संध्याकाळी मी त्यांची माफी मागितली. "तुझं काय चुकलं, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "तुला दिसतं, म्हणून मी विचारलं नाही." त्या अजिबात रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं.

पुढच्या रविवारी मी लिहायला वही उघडली तेव्हा त्यांनी हाताने मिटली. "राहू दे. शेजारची धाकटी नीट सांगते."

मी तरी गप्प बसले नाही. दुरुस्तीवाल्याला गाठून टीव्हीचे रंग ठीक करून घेतले. वाहिनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, की निवेदक परत आणावा आणि जुनी धून निदान शेवटी तरी वाजवावी. खाली गल्लीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. शेजारच्या धाकट्या सुनेनेही सही केली, नवी मालिका आवडत असून. दीड महिन्याने एक छापील उत्तर आलं. आमच्या प्रेमाबद्दल आभार मानले होते आणि सोबत नव्या यानाचं रंगीत चित्र होतं. वन्संनी ते हातात घेतलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "कागद चांगला आहे." तांदळाच्या डब्याखाली तो बरीच वर्षं अंथरलेला होता.

सोमवार थांबले नाहीत. बायका येत, सांगायचं काम धाकटी करी. भरभर सांगे, मध्येच मागचं आठवून परत जाई, पण बायकांना ते समजे. वन्सं तांदूळ निवडत ऐकत. एकदा ती म्हणाली, "आत्या, तुमी ते वाजवा ना आधी. त्याच्याबिगर सुरू झाल्यासारखा वाटत नाय." तेव्हापासून वन्सं सुरुवातीला ठोके देत आणि मग गप्प बसत. सुट्टीच्या सोमवारी मी खिडकीतून ते पाहत असे.

वर्षभराच्या आत नवी मालिकाही बंद पडली. त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात वन्सं गेल्या.

मागच्या वर्षी मी किन्हवलीला जाऊन आले. ती धाकटी सून आता स्वतः सासू झाली आहे. ओटीवर तांदूळ निवडत होती. सूप उचलण्याआधी तिने काठावर बोट आपटलं, दोनदा जवळ आणि एकदा जरा लांब. मी विचारलं, हे काय. "काय?" तिने विचारलं. तिला माहीतच नव्हतं.

वही माझ्या कपाटात आहे, तीन भाग लिहिलेली. वरचा सूर मला गाता येत नाही आणि तो आणखी कुणाला येतो असं मला आढळलेलं नाही. तीन ठोके मात्र अजून आहेत.