नववा खांब आणि आमचे व्याही

...तर काल आपण त्या नवव्या खांबापाशी येऊन थांबलो होतो. उपनगरातलं ते प्रेस्बिटेरियन चर्च म्हणजे साधासुधा कारभार. रंगीत काचा नाहीत की मूर्ती नाहीत. समोर मधोमध उंच व्यासपीठ. प्रत्येक बाकावरून उपदेश करणारा पाळक दिसावा, एवढीच बांधणाऱ्यांची हौस. छताला लोखंडी खांब मागवले आठ, कारखान्यातून आले नऊ! परत कोण धाडतो? काटकसरी माणसं ती. डावीकडे मोकळी जागा दिसली, दिला उभा करून.

त्याच्याच आड आमचे व्याही तीस वर्षं बसतात. धंद्यानं सुतार. तिथली सगळी बाकं त्यांनीच दुरुस्त केलेली. खांबामागच्या बाकाची पाठ तेवढी दोन बोटं जास्त कलती निघाली. विचारलं तर म्हणतात, "लाकूड ओलं होतं हो." या पंथात बिशप नसतो, मंडळीनं निवडलेले 'वडील' कारभार बघतात. व्याही त्यातले एक. म्हणजे घरीही वडील, चर्चमध्येही वडील, आणि ऐकत दोन्हीकडे कुणी नाही! उपदेश सुरू झाला की खांबाआड यांची मान त्या कलत्या पाठीला टेकलीच.

यंदा डागडुजी निघाली. आर्किटेक्टबाई शिडीवर चढल्या, खांबाचं डोकं आणि छत यांच्यामधून पट्टी सरकवली, तर ती आरपार! "हा काहीच पेलत नाही," त्या म्हणाल्या. "काढून टाका."

व्याह्यांचं तोंड एवढंसं झालं. सभेत उठून म्हणाले, "तो आपला इतिहास आहे!"

"इतिहास कसला? चूक आहे ती," पाळक म्हणाले.

"चूक असेल, पण आपली आहे."

चहा घेऊन आलेल्या विहीणबाई दारातूनच कडाडल्या, "काढाच तो! तीस वर्षं मी नवऱ्याशेजारी बसतेय की खांबाशेजारी, तेच कळत नाही. घोरतो मात्र दोघांतला एकच."

सगळे खो खो हसले. मी पाहुणा, कपात तोंड घालून बसलो. बाक हातचं चाललं हे व्याह्यांना दिसत होतं. पाळकांनी हसू आवरून विचारलं, "खरं सांगा, त्या खांबावर भार तरी कशाचा आहे?"

व्याह्यांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या उपदेशाचा. मी काय, खांब नसला तरी झोपेन. पण मी समोर झोपलेला दिसत असताना बोलायचं तुम्हाला आहे."