मशीनच्या फोटोला हार

पिंपरी गावातल्या भिमाजी वाघेऱ्यांना कंपनीत सगळे तात्या म्हणत. आमच्या औषधांच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या भरायची एक बंद खोली होती आणि तिच्या दारावर तात्या बसत. चपला काढा, कोपरापर्यंत हात धुवा, पांढरा डगला चढवा, मगच दार उघडायचं. मी ऑफिसात टायपिस्ट. एकदा आत चिठ्ठी द्यायला गेलो, तर तात्यांनी माझी नखं बघून मला ब्लेड आणायला परत पिटाळलं.

आतलं परदेशी मशीन उभं होतं तिथं आपल्या बापाची ज्वारी होती, असं ते सांगत. नकाशा काढला असता तर ती जागा सायकल स्टँडची निघाली असती. पण नकाशा काढायची हौस कुणाला?

एवढं सगळं असून तात्या अकरा वर्षं टेंपररीच. सहा महिने काम, आठ दिवस घरी, पुन्हा सहा महिने. अठ्ठ्याहत्तर साली त्यांची कायम होण्याची ऑर्डर अखेर मीच टाइप केली. मॅनेजर नानासाहेबांची सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात स्वित्झर्लंडहून पत्र आलं. देशोदेशीच्या औषध कारखानदारांची तिथं एक संघटना होती आणि आमची कंपनी तिची सभासद. औषध कसं बनवावं याचे नियम ही मंडळी घालून देत. ते आम्ही पाळतो का, हे बघायला त्यांचे एक साहेब येणार होते. नेमके दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

आता दर खंडेनवमीला तात्या मशीनला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत. मग तीन दिवस खोली धुवायची, औषधाची धुरी द्यायची आणि काम सुरू. यंदा ते तीन दिवस नव्हते.

नानासाहेबांनी तात्यांना बोलावून घेतलं. "तात्या, आत एक पाकळी जरी दिसली, तरी तुमच्या ऑर्डरवर सही होणार नाही."

"न्हाई दिसायची, सायेब. पर वर्साचा सण हाय. मशीन रुसंल."

"रुसू दे. पाहुणा रुसायला नको."

तात्यांनी शब्द पाळला. कंपनीच्या कॅलेंडरवर मशीनचा रंगीत फोटो होता. तो कापून त्यांनी कादरभाईच्या दुकानातून फ्रेम करून आणला, खोलीच्या दाराबाहेर टांगला, कुंकू लावलं आणि भला मोठा हार घातला. आत फूल नाही, बाहेर पूजा चुकली नाही. तात्या खूश.

पॅकिंगच्या शालनबाईंनी जाता जाता पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अवो तात्या, कवा गेलं वो मशीन? चांगलं धडधाकट हुतं की!"

"गप ए," तात्या म्हणाले. पण चेहरा उतरला. हार घातलेला फोटो कुणाचा असतो, हे त्यांच्या तेव्हा डोक्यात आलं. मात्र देवाला घातलेला हार वाळायच्या आत कसा काढायचा? तो राहिला.

पाहुणे आले. सहा फुटांचे, शांत. मुंबईत ऑफिसाऑफिसांतून संस्थापकांचे हार घातलेले फोटो त्यांनी बघितले असावेत. दाराशी थांबून त्यांनी मान खाली घातली, हाराला हलकेच हात लावला आणि इंग्रजीत विचारलं, "हे मशीन कधी बंद पडलं?"

नानासाहेबांचा रंग त्यांच्या पांढऱ्या शर्टासारखा झाला. टिपणं घ्यायला मी होतो, म्हणून तात्यांना मीच विचारलं.

"जित्तं हाय म्हनाव! आत फूल चालत न्हाई, म्हून भाईर घातलंय," तात्या म्हणाले. "आन त्यास्नी हात धुवाया सांग. हाराला हात लावलाय त्येंनी."

"अहो, ते आत्ताच धुऊन आलेत!" नानासाहेब पुटपुटले.

"मंग परत."

मी भाषांतर केलं. साहेबांनी हसून पुन्हा कोपरापर्यंत हात धुतले, आत गेले आणि तासाभराने बाहेर येऊन निघून गेले. पाहुण्यासमोर शोभा झाली म्हणून नानासाहेबांनी तात्यांची ऑर्डर टेबलावरून उचलली आणि खणात टाकून कुलूप लावलं.  तात्यांनी पुन्हा आठ दिवस घरी काढले आणि परत येऊन स्टुलावर बसले.

फेब्रुवारीत अहवाल आला. दारावरची शिस्त उत्तम, असं लिहिलं होतं. मात्र पूजेची पद्धत लेखी हवी आणि तिच्यावर दारावरच्या जबाबदार, कायम कर्मचाऱ्याची सही हवी.

नानासाहेबांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. "दारावर कायम कोण आहे आपल्याकडे?"

"कुणी नाही, साहेब. तात्याच आहेत."

 नानासाहेबांनी खिशातून खणाची किल्ली काढली.

पुढच्या खंडेनवमीला मी टाइप केलेला फॉर्म दाराशी लटकत होता: हार फक्त फोटोला, दाराबाहेर, नंतर हात धुणे, सही. तात्यांनी एकेक अक्षर गिरवत सही केली. शालनबाई हार चाचपत उभ्या होत्याच. "तात्या, वर्षश्राद्ध का यंदा?"

तात्यांनी मान वर केली नाही. "आधी त्यो हाराला लावल्याला हात धू."