कौलांवरचा दात

माझा पहिला दात पडला तेव्हा बाबा घरी नव्हते, सगळा घोळ तिथेच झाला. कारखान्याच्या कामासाठी ते महिनाभर परगावी गेले होते. ते निघाले तेव्हा दात नुसता हलत होता. "मी आल्यावरच पाड हं, मला बघायचाय," असं ते चपला घालता घालता म्हणाले, आणि मी ते फारच मनावर घेतलं. एका बाजूनेच जेवायचे, जीभ दातापासून लांब ठेवायचे. तरी एका दुपारी पेरू खाताना दात पेरूतच राहिला.

कानडी मुलखातल्या येलहंक्याला आम्ही एका अक्कांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. अक्का मराठीच, पण कित्येक पिढ्या तिकडच्या. आईच्या माहेरी पडलेला दात उंदराच्या बिळात टाकत. अक्कांकडे शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर. घर अक्कांचं, कौलं अक्कांची, तेव्हा त्यांचंच चाललं.

"सूर्य बुडायच्या आत टाक बघ," त्या मला म्हणाल्या. "ठेवून घेतलास तर नवा येत न्हाई."

दात टाकला तर बाबांना दिसणार नव्हता, आणि ठेवला तर मी जन्मभर फटीची राहणार होते. मग मी लबाडी केली. देवापुढच्या खोबऱ्याचा तुकडा कुरतडून दाताएवढा केला, शेणात खुपसला आणि आई-अक्कांच्या देखत वर भिरकावला. खरा दात काडेपेटीत घालून दप्तरात लपवला.

त्यानंतरचे दिवस मला सलग असे आठवतच नाहीत. आठवतं ते मागच्या पायरीवरचं कोवळं ऊन, वर कुठेतरी घुमणारं विमान, फटीतून आत येणारी गार हवा, आणि समोर कौलं. मी त्यांच्याकडे बघत पडून राहायचे आणि त्यांना सगळं कळलंय असं वाटायचं. डोळा लागला की दिसायचं, माझ्या हिरडीतून खोबऱ्याचा दात उगवलाय आणि त्याला मुंग्या लागल्यात. दचकून उठायचे, बोट लावून बघायचे. हिरडी गुळगुळीत. मला खरोखर भीती वाटायची आणि ती कुणाला सांगता येत नव्हती.

बाबा आले त्या सकाळी त्यांनी बॅग खाली ठेवण्याआधीच मी काडेपेटी त्यांच्या हातात दिली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. दात तळहातावर घेऊन दारातल्या उजेडात गेले आणि पुष्कळ वेळ माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, "चल, आता खरा टाकू. अक्कांना कळू द्यायचं नाही."

शेण त्यांनीच आणलं, आत जाऊन गोळाही त्यांनीच वळला. तो माझ्या वाळलेल्या गोळ्याशेजारी जाऊन पडला. त्या दुपारी मी गाढ झोपले. आठ-दहा दिवसांनी जिभेला काहीतरी खरखरीत लागलं, आणि कौलांनी मला माफ केलं असं मी कितीतरी वर्षं मानत आले.

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांचं टेबल आवरताना मला एका खणात स्क्रू आणि जुन्या किल्ल्यांखाली ती काडेपेटी सापडली. आत कापसात दात होता. मी तो त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, मग त्या दिवशी शेणात काय होतं?

"खोबरं," बाबा म्हणाले, आणि काडेपेटी परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला.