समुद्रघोड्याचा गेम आणि आमची शोभा

लाज वाटली की माणूस ठरवतो, हे कुणाला सांगायचं नाही. आमच्या ऑफिसात असं ठरवलेलं सगळं चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं! त्यामुळे किस्से साठत गेले. त्यातले बरेचसे माझेच, म्हणून सांगायला कुणाची परवानगी नको.

ऑफिस म्हणजे विद्यानगरमधला एक फ्लॅट. तिथे आम्ही समुद्राखालच्या सफरीचा व्हिडिओ गेम बनवतो. हिरो आहे एक नर समुद्रघोडा. समुद्रघोड्यांमध्ये पिल्लं बापाच्या पोटातल्या पिशवीत वाढतात. तर हा बाप पोटात पिल्लं घेऊन, खेकडे नि वादळं चुकवत, सुरक्षित जागा शोधत फिरतो. इम्तियाजभाई आमचे बॉस, आवाजांचं कामही तेच बघतात. श्रावणी कोडिंग करते. मी गोष्ट आणि संवाद लिहिते. गेम तेलुगू, हिंदी, मराठी अशा तीन भाषांत येणार. मराठी माझ्या गळ्यात!

*

इंटरव्ह्यूत इम्तियाजभाईंनी विचारलं होतं, "मराठी आती?"

मी मान ताठ करून म्हणाले, "घर की ज़बान है!"

पहिलंच काम मराठी ट्रेलरचं. हिरोला मराठीत काय म्हणतात ते आठवेना. पाण्यातला घोडा, म्हणजे पाणघोडाच असणार. दिलं ठोकून! ट्रेलरमध्ये भारदस्त आवाज घुमला, "येतोय... शूर पाणघोडा!" मी कौतुकाने तो नांदेडच्या आत्याला पाठवला.

आत्याचा लगेच फोन. "अगं, तो पाणघोडा येणार कधी? मघापासून एक किडाच वळवळतोय."

पाणघोडा म्हणजे हिप्पो, हे मला तेव्हा कळलं. इम्तियाजभाई स्क्रीनवरच्या बोटभर हिरोकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "घर की ज़बान थी, तो घर में पूछ लेना था ना!"

*

श्रावणीची फजिती वेगळ्या जातीची. सिकंदराबादचे एक शेठ पैसे लावायच्या आधी गेम बघायला आले होते. त्यांना आवडला तर काम पुढे सरकणार, नाहीतर आम्ही घरी. श्रावणीने डेमो सुरू केला. समुद्रघोडा छान पोहत वर आला, पाण्याबाहेर निघाला... आणि थांबलाच नाही! ढगांतून सरळ आभाळात!

आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. श्रावणीने पापणीही न हलवता सांगितलं, "सर, ये ड्रीम लेवल है. वो सपना देख रहा."

आम्ही लगेच माना डोलावल्या. शेठ खूश! जाताना म्हणाले, "समुंदर ठीक है. पर ये सपनेवाला और बढ़ाओ."

चूक दुरुस्त करायचं राहिलं बाजूला, श्रावणी महिनाभर आभाळ बनवत बसली.

*

गेम आयांना कसा वाटतो ते बघायला आम्ही मलकपेठला श्रावणीच्या घरी शेजारच्या काही बायकांना बोलावलं. मी रंगात येऊन समजावत होते, "पिल्लं बापाच्या पोटात असतात. पोट असं गोल गोल वाढत जातं, मग त्याला हलता येत नाही..."

तेवढ्यात श्रावणीचे वडील चहाचा ट्रे घेऊन आले. अंकलचं पोट ट्रेच्या आधी खोलीत आलं. सगळ्या बायकांच्या नजरा एकदम तिकडे वळल्या. माझीपण!

अंकल गोंधळून म्हणाले, "क्या हुआ अम्मा?"

श्रावणी ओरडली, "नान्ना, तुम अंदर जाओ!"

आता मी त्यांच्याकडे गेले की अंकल आधी पोट आत ओढतात, मग दार उघडतात. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

*

पिल्लं जन्मण्याच्या सीनला आवाज हवा होता. इम्तियाजभाई बादली घेऊन बाथरूममध्ये शिरले. आतून पाण्याची खळखळ आणि त्यांचं कण्हणं. मी दाराशी माइक धरून उभी. "और ज़ोर से, भाई!" असं मीच सांगत होते.

वरच्या मजल्यावरच्या आंटी धावत आल्या. "क्या हुआ? डॉक्टर को बुलाऊं?"

आतून आवाज आला, "नक्को आंटी! डिलिव्हरी चल रही!"

"किसकी?"

"मेरीच!"

आंटींनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि आल्या पावली जिना चढून गेल्या.

*

आता बाबांचा किस्सा. बाबा मराठी शाळेत मास्तर होते, हल्लीच रिटायर झालेत. गेममध्ये एक म्हातारं कासव समुद्रघोड्याला धीर देतं. त्याचा आवाज काढणाऱ्या गृहस्थांचा ऐनवेळी घसा बसला. "तुम्हारे अब्बा को बुलाओ ना," इम्तियाजभाई म्हणाले.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सगळ्यांशी हात मिळवून माइकसमोर बसले, चष्मा चढवला. मी संवादांचा कागद हातात दिला.

मला देवनागरी लिहायला जमत नाही. मी मराठी संवाद इंग्रजी अक्षरांत लिहिते. माझं मला वाचता येतं, त्यामुळे बाबांना हे सांगायची वेळच आली नव्हती.

बाबांनी सुरुवात केली. "बाला, ही वेल..."

थांबले. मला लिहायचं होतं, 'बाळा, ही वेळ भिण्याची नाही.' त्यांनी कागद लांब धरला, जवळ आणला. उलटून मागची बाजू बघितली. ती कोरी होती. माझे कान तापले. श्रावणी हेडफोन लावून वाट बघत होती.

बाबांनी कागद परत माझ्याकडे दिला. "चष्मा घरी राहिला गं. तू वाच, मी तुझ्यामागून म्हणतो."

मी वाचत गेले, ते म्हणत गेले. माझं 'पानी' त्यांच्या तोंडून 'पाणी' होऊन यायचं, माझा 'काल' 'काळ' व्हायचा. चुकलं, असं एकदाही म्हणाले नाहीत. मी कागदावरून मान वर केलीच नाही.

रेकॉर्डिंग संपलं तसे इम्तियाजभाई हसत पुढे आले. "वा अंकल, क्या आवाज़ है! पर चष्मा तो आपके नाक पे-च है!"

बाबांनी चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला.

"हौ मियां," ते म्हणाले, "पर ये मराठी का नईं है."