मार्था मावशीची टाच

आमच्या चर्चच्या गायनमंडळाचे किस्से एवढे का साठतात, सांगू? किस्सा घडतो ना, नेमकी तेव्हाच हसायला बंदी असते! समोर वेदी, पाठीमागे सगळे लोक, फादरांचे डोळे मिटलेले. मग हसू गिळायचं, आणि ते तसंच पोटात राहतं. यंदा हसण्याबरोबर भीतीही गिळावी लागली, म्हणून साठा जरा जास्तच झालाय.

मंडळ म्हणजे तरी कोण? पेटीवर मी, एरवी मी शाळेत गणित शिकवते. तबल्यावर रिठदचा किसन. तो गावच्या भजनी मंडळातला, पण हात इतका गोड की रविवारच्या उपासनेला, म्हणजे मिस्सेला, आम्ही त्याला बोलावून घेतो. आणि गाणारी मार्था मावशी. तिने आयुष्यभर मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाक केला. तिथे जेवणाची घंटा कधी वाजलीच नाही, मावशीची एक हाक पुरायची. गाताना ती माझ्या शेजारी बसते. मी सूर चुकले किंवा लय ढिली पडली, की तिची टाच माझ्या पायावर! बायांनो, मला जे काही संगीत येतं ते पायाच्या अंगठ्यातून वर आलेलं आहे.

* * *

किसनचा पहिला रविवार. मिस्सेच्या सुरुवातीला आम्ही पापांची क्षमा मागतो, 'प्रभू, दया कर' म्हणतो. सगळ्यांच्या माना खाली. किसनला वाटलं, भजन आहे, शेवटाला चढवायचंच. त्याने लय दुप्पट केली, मग आणखी चढवली, आणि वर तिहाई घेऊन अशी थाप मारली की मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी चक्क टाळी दिली.

मावशी त्याच्याकडे वाकली. "अरे बाप्पा, पापाची माफी मागून राह्यलो आपन, वरात नाही काढली!"

* * *

दिवाळीनंतर मावशीच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी नीट समजावलं, जिवाला धोका नाही, पण आवाजाची नस तिथूनच जाते, तेव्हा आवाजाचं आत्ता काही सांगता येत नाही.

मावशीने विचारलं, "बोलता नाही आलं तं चालीन साहेब. गाता येईन ना?"

डॉक्टर हसले. मी आणि किसन नाही हसलो.

ऑपरेशननंतर तिचा पहिला शब्द, "पानी." आवाज कसला तो, घोगरा, पार पुरुषी! मी पाण्याची बाटली शोधतेय, आणि किसन घाबराघुबरा होऊन माझ्या कानात विचारतोय, "मॅडम, कोनता सूर हाय हा? पेटीत हाय का?"

पेटीत होता. अगदी डावीकडच्या टोकाला.

* * *

मावशी बोलायला लागली, पण गाईना. तालमीला यायची, शेजारी बसायची, ओठ घट्ट मिटून. टाचही पडेना. "तुहं तू पाहाय आता," एवढंच म्हणायची.

आता सूर मी धरायचा! पहिल्याच रविवारी घाबरून मी पट्टी एवढी वर घेतली की कडव्यागणिक एकेक बाई गळत गेली. शेवटच्या कडव्याला दोनच आवाज उरले, एक माझा आणि एक बाहेर रस्त्यावर ओरडणाऱ्या भंगारवाल्याचा. मिस्सा संपल्यावर मी विचारलं, कसं झालं रे?

किसन म्हणाला, "त्याचा सूर बरोबर होता, मॅडम."

* * *

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आम्ही 'आलेलुया' हा शब्दच उच्चारत नाही. आनंदाचा शब्द आहे, तो थेट ईस्टरला काढायचा. लहान लेकरालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं! पण त्या रविवारी माझं सगळं लक्ष मावशीच्या मिटलेल्या ओठांकडे, आणि हात सवयीने पेटीवर. मी दणक्यात आलेलुया सुरू केला. अर्धे लोक माझ्यावर विश्वास ठेवून गाऊ लागले, अर्ध्यांनी तोंडावर हात ठेवले. एरवी माझा अंगठा चिरडला असता, मी पहिल्या अक्षरालाच थांबले असते. आता शेजारी सगळं शांत.

फादर आमचे केरळचे, मराठी पुस्तकातली बोलतात. ते शांतपणे म्हणाले, "बंधुभगिनींनो, ईस्टर झालेलाच आहे, तर आज मी प्रवचन छोटे करतो."

लोकांना तो रविवार फार आवडला. मी मात्र घरी येऊन पोटभर रडले.

* * *

तालमीला आता फादरही घाबरलेले दिसू लागले, कारण गुड फ्रायडे जवळ येत होता. त्या दिवशी चर्चमध्ये पेटी नाही, तबला नाही, घंटासुद्धा नाही. फादरांनी क्रूस हातात धरून एकच ओळ तीनदा गायची, दर वेळी आधीपेक्षा वरच्या सुरात, आणि लोकांनी उत्तर द्यायचं. म्हणजे पहिला सूर चांगला खाली धरला तरच तिसरा गळ्यात मावणार! दर वर्षी मावशी पुढच्या बाकावरून हळूच 'हूं' करून फादरांना तो पहिला सूर द्यायची.

फादर तिला म्हणाले, "मावशी, नुसते हूं करा. मला फार भीती वाटते."

मावशीने गळ्यावरच्या व्रणावर बोट ठेवलं. "मले बी वाटते फादर. तोंड उघडलं अन् काहीच नाही निघालं तं? बंद हाय तवर आशा तं हाय."

किसन उगाच तबल्यावर हातोडी मारत बसला.

* * *

गुड फ्रायडे. दुपारचे तीन, ऊन मी म्हणतंय, पंखे फिरतायत तेवढाच आवाज. पेटीवर कापड घातलेलं. मी आणि मावशी पुढच्या बाकावर. किसनला काम नव्हतं तरी आला होता. हात चुकून वाजवतील म्हणून दोन्ही पंजे मांडीखाली दाबून बसला होता.

फादरांनी क्रूस उचलला, डोळे मिटले, श्वास घेतला. आणि नेमकी त्याच क्षणी रस्त्यावरून पोहरादेवीच्या यात्रेला निघालेली गाडी गेली. हॉर्न असा लांबलचक, असा वर चढलेला! घाबरलेल्या माणसाचा कान मिळेल तो सूर धरतो. फादरांनी हॉर्नचा धरला.

पहिली ओळ कशीबशी गेली. लोकांनी उत्तर दिलं, अर्ध्यांचे आवाज फाटले. दुसऱ्या ओळीला फादरांच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या, उत्तराला फक्त पोरी उरल्या. आता तिसरी, सगळ्यांत वरची.

फादरांनी क्रूस उंच धरला. तोंड उघडलं. काहीच नाही.

ते उघड्या तोंडाने उभे. अख्खं चर्च माझ्याकडे बघतंय, आणि मी कापडाखालच्या पेटीकडे. देवा, कुणीतरी काहीतरी म्हणा!

शेजारी बाक करकरलं. मार्था मावशी उभी राहिली. एका हाताने बाक धरलं, दुसरा हात गळ्यावर. आणि तिने ती ओळ म्हटली. वर नाही हो, खाली! जिथे आमच्यापैकी कुणी बाई कधी गेली नव्हती तिथे, पेटीच्या पार डाव्या टोकाला. घोगरी, कापरी, पण एक सूर हलला नाही. किसनचे हात कधी मांडीखालून निघाले आणि जोडले गेले, त्याला कळलंही नसेल.

ओळ संपली. लोकांनी उत्तर द्यायचं होतं. कुणी देईना. पंखे फिरतायत, माझ्या डोळ्यांतून धारा लागलेल्या.

आणि माझ्या अंगठ्यावर टाच पडली! अशी पडली की माय आठवली.

"रडून कायले राह्यली व?" तोच घोगरा आवाज कानाशी आला. "म्हन ना पुढचं!"